इंजिनावरची कोरी जागा

ती घटना आठवली की आजही आधी नाकात ग्रीसचा वास येतो, मग बाकीचं सगळं क्रमाने डोळ्यांपुढे उभं राहतं. पोलीस खात्यात मी बत्तीस वर्षं काढली, त्यांतली सहा वाहनचोरीच्या तपासात. पण ज्या तपासाचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे, तो माझ्या नोकरीतला नाहीच. तो झाला निवृत्तीनंतर, कतारमध्ये, अंगावर खाकी नसताना आणि हातात कसलाच अधिकार नसताना. नाव कुणाचंच देत नाही, त्याची गरजही नाही.

माझी मुलगी आणि जावई अल रय्यानला राहतात. एका हिवाळ्यात मी दोन महिने त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला एक मिस्त्री यायचा. आमच्याच तालुक्यातला, पन्नाशीचा, डिझेल इंजिनांच्या कामात हयात गेलेला. बायकामुलं गावी. तिथल्या एका कतारी गृहस्थांनी त्याला केवळ एका गाडीसाठी ठेवून घेतलं होतं. जुनी अमेरिकन मसल कार. लांबलचक नाक, दोनच दारं आणि बॉनेटखाली आठ सिलिंडरचं इंजिन. पन्नास वर्षांची ती गंजलेली गाडी घराच्या आवारातल्या शेडमध्ये ठेवून मालक आणि मिस्त्री सव्वा वर्ष तिच्यावर राबत होते. मालक हौशी होते, पण नुसते बघे नव्हते. शेजारी बसून नट खोलायचे, हात काळे करायचे आणि प्रत्येक गोष्टीचं मोबाईलवर चित्रण करून मित्रांना पाठवायचे. मिस्त्री तर त्या गाडीबद्दल, घरातल्या लेकीचं लग्न ठरल्यासारखा बोलायचा.

एका शुक्रवारी तो आला नाही. मी फोन केला तर आवाज पार बसलेला. जेवलो नाही, भूक नाही, एवढंच म्हणाला. बत्तीस वर्षांत मी एक गोष्ट शिकलोय. गावाकडचा माणूस परदेशात घरचं जेवण नाकारतो, तेव्हा प्रकरण साधं नसतं. जावयाला म्हटलं, गाडी काढा. मुलगी म्हणाली, "बाबा, इथे तुमचं पोलीस स्टेशन नाही." मी म्हटलं, चहा तर टाकशील ना?

मिस्त्रीला घरी आणून बसवलं. हकिकत अशी की आदल्या दिवशी मालकांचा एक जाणकार मित्र गाडी बघायला आला होता. त्याने इंजिनाच्या पुढच्या टोकाला टॉर्च मारली, बोट फिरवलं आणि मान हलवली. अशा गाड्यांत तिथे एक नंबर ठोकलेला असतो. तो गाडीच्या सांगाड्यावरच्या नंबराशी जुळला तर इंजिन जन्मापासून तिचंच, आणि मग गाडीचा मान वेगळा. इथे ती जागा आरशासारखी गुळगुळीत होती. मित्राने निदान केलं, मूळ इंजिन विकून मिस्त्रीने दुसरं बसवलंय. त्यात कुणीतरी मालकांना खबर दिली होती की, असंच एक इंजिन पिकअपमधून मेसईद बंदराकडे जाताना दिसलं. मालकांनी मिस्त्रीला मुदत दिली. रविवारी सकाळपर्यंत माझं इंजिन आण, नाहीतर मी तक्रार देतो. तक्रार झाली की नोकरी गेली, तिथे राहण्याचा परवाना गेला आणि गावी उतरायचं ते चोर म्हणून. त्या माणसाकडे त्याच्या कामाच्या नावाशिवाय दुसरी इस्टेट नव्हती.

खबरीचं मला फारसं काही वाटलं नाही. पिकअपमध्ये इंजिन दिसणं म्हणजे बाजारात बटाटे दिसण्यासारखं आहे. खबर देणाऱ्याने नंबर बघितला होता का? नाही. मग ती खबर नव्हे, गप्पा.

मी माझी जुनी पद्धत वापरली. आधी त्याला सगळं सुरुवातीपासून सांगायला लावलं, मग शेवटाकडून उलटं. रचलेली गोष्ट उलटी चालत नाही, अडखळते. याची व्यवस्थित चालली, फक्त एका ठिकाणी तो दोन्ही वेळा थांबला आणि पाणी प्यायला. इंजिनाचा मुख्य सांगाडा, ज्याला ब्लॉक म्हणतात, तो इंडस्ट्रियल एरियातल्या मशीन शॉपमध्ये नेला तो दिवस. कबूल करतो, मलाही क्षणभर शंका आली. काहीतरी लपवतोय हे नक्की होतं.

मग मला आमच्या ठाण्यामागचं मुद्देमालाचं आवार आठवलं. जप्त केलेल्या गाड्यांच्या रांगा. नंबर घासलेली शेकडो इंजिनं मी बघितली, पण घासून तशीच कोरी ठेवलेली क्वचितच. चोर नंबर घासतो आणि लगेच दुसरा ठोकतो, कारण कोरी जागा ओरडून सांगते की इथे गडबड आहे. इथे तर ज्याच्यावर आळ होता त्यानेच ती जागा उघडी ठेवली होती.

मी विचारलं, तिथे दुसरा नंबर ठोकून मिळाला असता का? मिस्त्री म्हणाला, मशीन शॉपवाला स्वतःहून करून देत होता.

"मग का नाही घेतलास करून?"

"खोटा नंबर कसा ठोकायचा, साहेब? गाडी त्यांची हाय, पर काम माझं हाय."

म्हणजे नंबर गेल्याचं त्याला त्याच दिवशी माहीत होतं. इतका वेळ मी त्याला "तू काय केलंस" असंच विचारत होतो. आता प्रश्न बदलला. त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "काय चुकलं?"

बांध फुटावा तसा तो रडला. आमच्याकडे ब्लॉक उघडला की फेसिंग करून घेतात, म्हणजे ज्या सपाटीवर हेड, इंजिनाचं वरचं झाकण, बसतं ती मशीनवर घासून एकसारखी करतात. तीस वर्षं तो हेच करत आला. त्याच्या ओळखीच्या सगळ्या डिझेल इंजिनांत नंबर बाजूला, सुरक्षित. या अमेरिकन इंजिनात तो त्या सपाटीच्याच टोकावर असतो, हे त्याच्या गावीही नव्हतं. नंबराची काळजी घे असं मालकांनीही कधी सांगितलं नव्हतं, त्यांना वाटलं एवढं तर मिस्त्रीला ठाऊक असणारच. "फेस मारा" असं यानेच सांगितलं, आणि ब्लॉक परत आला तेव्हा नंबर गेलेला. भीतीने तो गप्प बसला. चूक लपवली आणि तिची चोरी झाली.

"हेच ते मूळ इंजिन, याला काही पुरावा?" मी विचारलं. तो डोळे पुसत म्हणाला, "ठिपकं हाईत की."

इंजिनाच्या पोटात लोखंडी कॅपा असतात, प्रत्येक आपल्याच जागी परत बसावी लागते. म्हणून खोलताना हा कॅपवर आणि शेजारी ब्लॉकवरही टोकदार पंचने ठिपके मारायचा. पहिलीला एक, दुसरीला दोन. तिसरीवर मारताना मालकांनी चहाचा कप पुढे केला, पंच घसरला आणि कॅपवरून ब्लॉकपर्यंत एक ओरखडा उमटला. तेव्हा मालक चित्रण करत होते.

शनिवारी सकाळी आम्ही गेलो. मालक रागात होते, तरी त्यांनी खजूर आणि कहवा पुढे केला, याचं मला कौतुक वाटलं. तो जाणकार मित्रही होता. मालक कामगारांशी हिंदीत बोलायचे, त्यामुळे मधे दुभाषा लागला नाही. मी आधीच सांगून टाकलं की मी इथे पाहुणा आहे, पोलीस नाही. मग मिस्त्रीला म्हटलं, तू सांग. तो उभा राहिला आणि आपली चूक शब्द न गिळता सांगून टाकली. मालकांचा चेहरा लाल झाला. मित्र म्हणाला, गोष्ट काय, कुणीही रचेल.

"तुमचाच व्हिडिओ काढा," मी मालकांना म्हटलं.

मिस्त्रीने गाडीखाली शिरून ऑइल चेंबर, म्हणजे इंजिनाच्या पोटाचं झाकण, उतरवलं. मालक पांढऱ्याशुभ्र कपड्यांत त्याच्या शेजारी जमिनीवर आडवे झाले. एका हातात फोन, दुसऱ्यात टॉर्च. एक ठिपका, दोन ठिपके. तिसऱ्या कॅपपाशी टॉर्च थांबली. तोच ओरखडा, तशाच तिरक्या रेघेत, कॅपवरून ब्लॉकवर गेलेला. मालकांनी फोन मित्राच्या हातात दिला, स्वतः सरकून जागा करून दिली. मित्राने वाकून पाहिलं, उठला आणि फोन परत केला. तरी जाता जाता त्याने सुचवलंच की नंबर ठोकून घेता येईल. मालक म्हणाले, "खलास. ती जागा तशीच राहील."

मिस्त्रीवरही ते रागावले, चांगले रागावले. नंबर गेला म्हणून नाही, सांगितलं नाहीस म्हणून, असं म्हणाले. मग चेंबर परत चढवलं, तेल भरलं. मालकांनी किल्ली खिशातून काढली, स्वतः बसले नाहीत, मिस्त्रीच्या हातात दिली. सव्वा वर्षात ते इंजिन एकदाही सुरू झालं नव्हतं. दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा आठही सिलिंडर एकदम धडधडले आणि शेडचे पत्रे थरथरले. मालकांनी मिस्त्रीला खिडकीतूनच मिठी मारली. माझ्या निवृत्तीला बँड वाजला होता. तो याच्यापुढे काहीच नाही.

पुढच्या शुक्रवारी मिस्त्री जेवायला आला, पाच चपात्या जेवला. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात मालक आता ती कोरी जागा मुद्दाम दाखवतात, असं त्याने सांगितलं.

नोकरीत मी गुन्हे पुष्कळ कबूल करून घेतले. पण किती जणांनी नुसती चूक लपवली आणि मी त्यांना गुन्हेगार समजून बसलो, याचा हिशेब माझ्याकडे नाही, आणि तो आता मला टोचतो. भेटायला येणाऱ्या नव्या अधिकाऱ्यांना म्हणून एवढंच सांगतो. "काय केलंस" हे सगळेच विचारतात. एकदा "काय चुकलं" असं विचारून बघा.