बॉम्ब नसलेलं विमान

सिरसाळ्याहून पुण्याला जायचं तर पहाटेची परळी-पुणे एसटी धरावी, उजवीकडं बसावं, दुपारचं ऊन लागत नाही. भाकरी न् शेंगदाण्याची चटणी घरूनच न्यावी. नगरच्या स्टँडावर चहा तेवढा घ्यावा, बाकी सगळं महाग. आम्ही गेलो तेव्हा गावात एसटीडीचा पिवळा डबा नवीनच आला होता. त्यावर फोन करूनच उमाकांत, माझा थोरला, म्हणाला, "आई, खंडेनवमीला घरच्यांना आत सोडतात. माझं विमान दाखवतो." तो हवाई दलात होता. यांनी आमच्या दुकानात बसून साऱ्या बाजारात सांगून ठेवलेलं, लेक बॉम्ब टाकतो म्हणून.

तळावर कॅमेरा नेऊ देत नाहीत. मी विभूती, झेंडूचा हार, नारळ असं ताट नेलं होतं. उमाकांतनं एका कडेच्या जुनाट, फुगीर पोटाच्या जेटजवळ नेलं. त्याच्या दोन सोबत्यांखेरीज तिथं कुणीच नव्हतं.

"बॉम्ब कुठं हायेत?" यांनी वाकून पाहिलं.

"नाहीत, अप्पा. पोटात यंत्रांच्या पेट्या आहेत. शत्रूचं रडार म्हणजे त्याचे डोळे. हे विमान हवेत रेडिओलहरींचा असा गोंगाट माजवतं, की त्याला आपली लढाऊ विमानं दिसत नाहीत. त्या पेट्या मी दुरुस्त करतो."

"म्हंजे रेडिओ दुरुस्ती! त्यासाठी इतक्या लांब काहून आलास रं? आपल्या बाजारात रेडिओवाल्याचं दुकान हाय की."

ते दोघं सोबती हसले. उमाकांतचे कान लाल झाले. "लढाऊ विमानांतली पोरं परत येतात ती यामुळं, अप्पा."

मी हार उचलला, तर यांनी ताटच ओढून घेतलं. "शस्त्र न्हाई त्याची खंडेनवमी कसली?"

"दुकानात तराजूची करताच की," मी म्हणाले.

"तराजू पोट भरतो." आणि हे ताट घेऊन पलीकडच्या लढाऊ विमानाकडं चालू लागले. तिथं लई गर्दी होती.

शंभोची शपथ, मला थांबायचं होतं. पण मीही ताटामागं गेले. वळून पाहिलं तर उमाकांत विमानाच्या चाकाशी पाठमोरा उभा होता.

परतीच्या एसटीत हे खुशीत होते. दुकानात आजही त्याच लढाऊ विमानाचं वर्णन चालतं, लेकाचं म्हणून.

पुढच्या वर्षी खंडेनवमीआधी उमाकांतचं पाकीट आलं. आत दोन पास आणि दोन ओळी: "लढाऊ विमानं यंदा जास्त आहेत. मी त्या दिवशी कामावर असेन."

यांनी पास देव्हाऱ्यात ठेवले. म्हणाले, "बघ, लेकानं कसं आठवणीनं बोलावलंय."