गेटचा दिवा आणि आप्पांचा रॉड

आमच्या घरातली लाइट रोज सकाळी जात होती आणि त्याला कारण मी होतो. वाक्य लिहायला सोपं आहे. पण तोंडाने बोलायला मला इतका उशीर झाला, की तोवर माझे सासरे आमचं घर सोडून दौंडला परत गेले होते आणि भर थंडीत गार पाण्याने आंघोळी करत होते.

माझे सासरे म्हणजे आप्पा. रेल्वेत टीसी होते. विनातिकीट माणूस त्यांना डब्याच्या दुसऱ्या टोकावरून ओळखू यायचा. सासूबाई गेल्यापासून दौंडच्या घरात ते एकटेच. माझी बायको सुरेखा सारखी म्हणायची, "आप्पा, शिरूरला या. आमच्याकडेच राहा." त्यावर आप्पांचं उत्तर ठरलेलं, "लेकीच्या घरी किती दिस ऱ्हायचं? लोक काय म्हंतील?" शेवटी एकदा न्हाणीत पाय घसरून पडले, तेव्हा कुठे कबूल झाले. "थंडी सरंपतूर येतो. करमलं तर बघू फुडं."

त्या 'बघू फुडं'वर सुरेखाने सगळी आशा लावली. मागची खोली रंगवून घेतली, पलंगाची उंची कमी केली, न्हाणीत धरायला दांडी बसवली. मी काय केलं? मी गेटवर दिवा बसवला! माझ्या नावाच्या पाटीवर उजेड पाडणारा, अंधार पडला की आपोआप लागणारा. (आप्पांना त्याचा काहीही उपयोग नव्हता. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं नाव वाचता यायला हवं ना!) वायरिंगही मीच केलं. आत पाणी जाऊ नये म्हणून दिव्याबरोबर एक रबर आलं होतं. ते काही नीट बसेना, म्हणून मी ते काळजीपूर्वक खिशात ठेवून दिलं.

आप्पा आले ते एक बॅग, एक रेडिओ आणि पाणी तापवायचा एक रॉड घेऊन.

"अहो आप्पा, गीझर आहे की," मी म्हणालो.

"आसंल पाव्हणं. पर त्या डब्यात पाणी कवा तापतं, किती तापतं, काय दिसत न्हाई. रॉड कसा, डोळ्यांम्होरं काम करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे पाइप लावून गेट धूत होतो. नवा दिवा आणि पाटी तर मी खास जोराच्या धारेने धुतली. आत आप्पांनी बादलीत रॉड सोडला. थोड्याच वेळात खट्‌! घर अंधारात. देवघरातली माळ बंद, मिक्सर बंद, चटणी अर्धवट.

बोर्डात तो ट्रिपर असतो ना, घरात कुठेही करंट गळाला की अख्ख्या घराची लाइट तोडणारा, तो पडला होता. मी हात पुसत आत गेलो.

"आप्पा, रॉड लावला होता?"

"व्हय."

"तरीच!"

आता हे सांगायला हवं, की मी रांजणगावला एका कंपनीत क्वालिटीला आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. कुठलाही बिघाड आला की पाच वेळा 'का' विचारायचं, असं आम्हाला शिकवलेलं आहे. मी तिथेच बोर्डासमोर उभा राहून विचारलं. लाइट का गेली? ट्रिपर पडला म्हणून. तो का पडला? करंट गळतोय म्हणून. का गळतोय? रॉड खराब आहे म्हणून. का खराब आहे? जुना आहे म्हणून. का जुना आहे? आप्पांचा आहे म्हणून! पाच 'का' संपले, गुन्हेगार सापडला, चहा व्हायच्या आत.

"अहो, इलेक्ट्रिशियनला बोलवा ना एकदा," सुरेखा म्हणाली.

"कशाला? रूट कॉज मिळालाय."

आप्पांनी एका शब्दाने वाद घातला नाही. रॉड पुसला, वायर गुंडाळली आणि बॅगेत ठेवून दिला. जावयाला उलट बोलायचं नसतं, ही त्यांची शिस्त. दुसऱ्या दिवसापासून ते गीझरच्या पाण्याने आंघोळ करू लागले. मी गेट धुतलं. खट्‌!

"आप्पा, आता काय लावलं होतं?"

"काय न्हाई वं. निस्ता रेडिओ."

रेडिओ जप्त. पुढच्या दिवशी पुन्हा खट्‌! त्या वेळी आप्पांचा मोबाइल चार्जिंगला होता. चार्जर जप्त. त्याच्या पुढच्या दिवशी आप्पा नुसते खुर्चीत बसून होते आणि तरीही ट्रिपर पडला. मी त्यांच्या कानाच्या मशीनकडे बघितलं. (ती सेलवर चालते एवढं भान मला होतं. पण बघितलं, हे खरं आहे. आणि मी बघितलेलं त्यांनी बघितलं, हेही खरं आहे.)

त्या दिवशी जेवताना आप्पा म्हणाले, "सुरेखा, मी उंद्या निघतो. पेन्शनीचं काम हाय बँकेत."

"आप्पा, पेन्शनचं काम तर मागच्याच महिन्यात झालं!"

"दुसरं हाय."

"थंडी संपेपर्यंत राहणार होतात ना?"

"येतो की परत," आप्पा म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "पाव्हणं, तुमाला लई तरास झाला. एवढं कामाचं मानूस तुमी, आन् रोज सकाळी त्या बोर्डापशी हुबं ऱ्हायचं." मी यावर काय म्हणालो? मी म्हणालो, "चालायचंच."

आप्पा गेले आणि त्याच दिवशी आमच्या कॉलनीची पाइपलाइन फुटली. दोन दिवस नळाला थेंब नाही. गेट धुणं बंद. लाइट एकदाही गेली नाही! सुरेखाने मागच्या खोलीचं दार लोटून घेतलं.

गुरुवारी मला सुट्टी होती, सुरेखा बाजारात गेली होती आणि पाणी आलं. मी आनंदाने पाइप लावला, दोन दिवसांची धूळ उडवली, पाटी चकाचक केली. आत येऊन टीव्ही लावतो तोच... खट्‌!

घरात आप्पा नव्हते. रॉड नव्हता. रेडिओ नव्हता. होतो फक्त मी, आणि माझ्या हातातून पाणी गळत होतं. मी बोर्डाचं मेन बंद केलं आणि बाहेर जाऊन दिवा उघडला. आत एवढं पाणी साचलं होतं की मासा पाळता आला असता. वायरचा जोड त्यात डुंबत होता.

मी गुपचूप दिव्याची वायर तोडली. ट्रिपर वर केला. तो राहिला. इथवर मी नुसता मूर्ख होतो. पण बाजारातून आल्यावर सुरेखाने पिशवी खाली ठेवत विचारलं, "आप्पा गेल्यापासून एकदाही लाइट गेली नाही, नाही का हो? म्हणजे रॉडचंच होतं काहीतरी."

मी म्हणालो, "हं."

त्या 'हं'ने मला झोप लागू दिली नाही. माणूस खोटं बोलायला निदान चार शब्द तरी खर्च करतो. मी तेवढेही केले नाहीत.

पुढे रोज संध्याकाळी आप्पांचा फोन यायचा. तब्येत, जेवण वगैरे नंतर. पहिला प्रश्न ठरलेला, "लाइट हाय ना गं?" सुरेखा म्हणायची, "आहे आप्पा." पलीकडून आवाज यायचा, "मग झाक झालं." मी त्या वेळी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसायचो. एकदा ते उलटं होतं, असं आमच्या मुलीने सांगितलं.

असे पंधरा दिवस गेले. मग एकदा फोन ठेवून सुरेखा स्वयंपाकघरात आली. "आप्पांना खोकला झालाय. गार पाण्याने आंघोळ करतायत. रॉड टाकून दिला म्हणे. म्हणतात, धोक्याची वस्तू, उगं कुणाला शॉक बसायचा."

माझ्या हातात चहाचा कप होता. मी तो खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. दिवा, रबर, पाणी, वायर आणि ते 'हं'.

सुरेखा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "उद्या एकटे जा. आप्पांना घेऊन या. नाही आले तर तुम्हीही तिकडेच राहा. पलंगाची उंची मी परत वाढवून घेईन."

मी न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून दौंडला गेलो. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकून माफीची वाक्यं पाठ करत होतो. पण जावई म्हणून सासरवाडीला गेलेल्या माणसाला माफी मागणं किती अवघड असतं, हे मला दारातच कळलं. आप्पा खोकत खोकत पुढे आले. पाय धुवायला पाणी, नवा टॉवेल, बसायला सतरंजी. मी तोंड उघडलं की ते त्यात काहीतरी घालायचे.

"आप्पा, मला जरा बोलायचंय..."

"आदी भजी खा. गरम हायत."

"आप्पा, तो रॉड..."

"गुलाबजाम घ्या. कोपऱ्यावरनं आणलेत, तुमच्यासाठनं."

शेवटी मी भज्यांची ताटली बाजूला सरकवून म्हणालो, "आप्पा, चूक रॉडची नव्हती. गेटच्या दिव्यात पाणी जात होतं. दिवा मी बसवला होता."

"असू द्या. रॉडबी जुनाच व्हता."

"रॉड चांगला होता आप्पा!"

"न्हाई न्हाई, लई जुना. तुमी बरुबर वळाखलं."

माझा गुन्हा मी कबूल करतोय आणि फिर्यादी म्हणतोय की गुन्हा त्याचाच! अर्धा गुलाबजाम तोंडात टाकून मी धीर गोळा केला. "आप्पा, मला हे पंधरा दिवस माहीत होतं. तुम्ही रोज फोनवर विचारत होता, तेव्हाही माहीत होतं."

आप्पांचा वाढायचा हात थांबला.

"पंधरा दिस?"

"हो."

"म्हंजी मी हितं रातभर खोकतोय, आन् मनाला खातोय, की आपल्या पायी लेकीच्या घरात अंधार पडला... आन् तुमाला ठावं व्हतं?"

मी मान डोलावली. आप्पा उठले. त्यांनी गुलाबजामची वाटी माझ्यापुढून उचलली. आणि लग्नानंतर पहिल्यांदा मला 'पाव्हणं' न म्हणता म्हणाले, "अरे गाढवा! एक फोन करायला तुझी जीभ झडली व्हती काय?"

खरं सांगतो, मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. मला वाटलं, आता खोलीतली हवासुद्धा मोकळी झाली.

"फळीवरची बॅग काढ," आप्पा म्हणाले.

"येताय?"

"थंडी हाय अजून. आन् पोरीला येकटीला तुझ्या हाती कसं सोडू? पर आदी माफी माग. नीट. हुबा ऱ्हाऊन."

मी हात जोडून उभा राहिलो. पाठ केलेली सगळी वाक्यं विसरलो होतो. त्यात हात मोकळे करायला उरलेला अर्धा गुलाबजाम मी तोंडात कोंबला होता.

"आप्पा, तुकलो."

"काय?"

मी गिळलं. "चुकलो, आप्पा!"

"मोठ्यानं! मशीनीचा सेल उतरलाय."

मग मी सगळा दम एकवटून ओरडलो, "चुकलो, आप्पा! माफ करा!" शेजारच्या मावशी घाबरून दारात आल्या. "काय झालं वं? कोन वरडतंय?"

"काय न्हाई मावशे," आप्पा बॅगेची चेन ओढत म्हणाले, "जावई आलेत."