दिल्लीत समुद्र झालेला भिकाजी

आमच्याकडे कांडपाला येणाऱ्या काशीचा नवरा भिकाजी परवा गणपतीसाठी दिल्लीहून आला. मिसरूड फुटल्यापासून हा वाडीतल्या आप्पाच्या फळीत, म्हणजे नाचणाऱ्यांच्या मेळ्यात, जाखडी नाचतो. आठ जण गोल धरतात, मधे आप्पा ढोलकी घेऊन गातो. भिकाजीचे पाऊल पाहायला पार मालगुंडाहून माणसे येत. दोन वर्षांमागे मुंबईत कुणा बाईंनी त्याचा नाच पाहिला आणि त्याला दिल्लीच्या मोठ्या राष्ट्रीय मंडळीत नेले. तिथे म्हणे शास्त्रोक्त नाच घेतात आणि त्यात हल्लीचा नवा नाच कालवतात. घावनाच्या पिठात बिस्किटे कुस्करावीत, तसे. त्याला नाव काय, तर ‘ब्याले’.

“आणि तू कोण होतास रे त्यात?”

“समुद्र, वयनी.”

निळ्या कापडाखाली सहा जणांनी वाकून हलायचे, तो समुद्र. रत्नागिरीच्या माणसाला समुद्र शिकवला, तो ज्यांनी जन्मात ओहोटी पाहिली नाही त्यांनी!

वर तिथे तोंड मिटून नाचायचे, मनात आकडे मोजत. आठ झाले की वळायचे. “देवापुढेही मोजणार काय?” म्हटले, तर मलाच म्हणतो, “तुमी जप मोजताव ना?”

“मोजते. पण तोंडात देवाचे नाव असते, मेल्या, आकडा नव्हे.”

गौरी जेवल्या त्या संध्याकाळी फळी आमच्या अंगणात उभी राहिली. भिकाजी पुढे, पायात चाळ, मान अशी ताठ की जणू घशात सुपारी अडकली आहे. जाखडीत वळायचे ते गाणाऱ्याच्या शब्दावर. आणि आप्पाला रंग चढला की तो एकच शब्द घोळवत बसतो. तसा त्याने घोळवला. भिकाजीचे आठ भरले. तो एकटाच वळला आणि शेजारी नाचणाऱ्या बाबूच्या नडगीवर लाथ बसली. दुसऱ्या खेपेलाही तेच. बायका फिदीफिदी हसल्या.

आप्पाने ढोलकी थांबवली. “समुद्रराव, चाळ सोडा. आमी सात जण नाचू.”

आप्पाने फळीतून काढलेल्याला पुन्हा घेतल्याचे मला आठवत नाही. काशी खांबाशी पदर चावत उभी. भिकाजीचे तोंड एवढेसे झाले.

“आप्पा, येक डाव.”

“मग आमच्या मागं ध्रुवपद म्हन. मोठ्यानं. तोंड मिटलंस का भायेर.”

म्हणू लागला. आवाज कसला, चिखलात रुतलेला रेडा बरा! पण तोंडात शब्द आला, तशी आकड्याला जागा राहिली नाही. चौथ्या कडव्याला पाय सैल झाले. आप्पाने मुद्दाम पुन्हा शब्द लांबवला. भिकाजी थांबला. शब्द सुटला आणि आठही जण एकदम वळले.

आरतीनंतर काशीने विचारले, “दिल्लीस कवा जायाचा?”

“बगू,” म्हणाला. घसा पार बसला होता. आप्पाने जाता जाता त्याला उद्या कुणाच्या अंगणात नाचायचे ते सांगितले आणि वेळेवर यायला बजावले. दिल्लीकरांनी खुशाल वाट पाहावी.