तांबडी पेन्सिल

सिंगापूरमध्ये वुडलँड्सला आमच्या ब्लॉकखाली एक चिनी म्हातारा सहली ठरवून देतो. तीन वर्षं मी त्याच्याशी हुज्जत घालतोय, पण नाव कधी विचारलेलं नाही. घासाघीस सुरू झाली की तो शांतपणे चष्मा पुसतो.

मागच्या शांघाय सहलीत दुसऱ्या एजंटने मला आणि आईला अर्धा दिवस रेशमाच्या दुकानात बसवून ठेवलं होतं. तो राग मनात होताच. म्हणून या वेळी मी म्हाताऱ्याकडे शांघायच्याच चार दिवसांत अकरा ठिकाणं मागितली. उंच मनोरा, जुनी बाग, नदीकाठची रोषणाई, सगळं.

त्याने यादी वाचली आणि माझ्यासोबत आलेल्या आईला खुणेने लिफ्टपर्यंत चालून यायला सांगितलं. ती परत येईपर्यंत तो तिच्या पावलांकडे बघत होता. मग त्याने तांबड्या पेन्सिलीने पाच ठिकाणं खोडली.

मी भडकलो. "पैसे पूर्ण आणि ठिकाणं निम्मी?"

"चालायचं आंटीला आहे लाह," तो त्याच्या सिंगापुरी ढंगाच्या इंग्रजीत म्हणाला. "तुला फक्त भांडायचंय."

"काय म्हणतोय रे तो?" आईने विचारलं. मी सांगितलं.

"बरोबर बोलतोय. मागच्या वेळी त्या रेशमाच्या दुकानातच काय ते बसायला मिळालं मला."

म्हाताऱ्याने चष्मा पुसला आणि पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. सहावं ठिकाण मी खोडलं.