पाहुणीला नाही म्हणताना

परदेशी विद्यार्थ्यांशी संवाद साधायला आमच्या कॉलेजात एक विद्यार्थी मंडळ होतं आणि त्याची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली होती. मुलांना कोट घालून इंग्रजीत भाषण ठोकायला शिकवणं सोपं. मला त्यांना नाही म्हणायला शिकवायचं होतं आणि म्हैसूरच्या मुलांच्या बाबतीत ते महाकर्मकठीण. इथे घरी आलेल्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. ज्याला जेवायला वाढलं, त्याच्याशी तर वाद घालायचाच नाही.

म्हणून तालीम मी सरस्वतीपुरममध्ये माझ्या घरीच घ्यायची. वाढायला आई. आग्रहात तिचा हात धरणारं आमच्या गल्लीत कुणी नव्हतं. दुसरा ओबट्टू, म्हणजे आपली पुरणपोळीच, नाकारायचा. खोटं न बोलता आणि आईला न दुखवता. ‘पोट भरलं’ ही थाप चालायची नाही. मुलं हसायची. मी हसत नसे.

मंडळाची प्रमुख मुलगी म्हैसूरजवळच्या हुणसूरची होती. आमच्यासारखंच पिढ्यान् पिढ्या इथलं मराठी घर. पूर्वज कापड रंगवायचे, वडील तंबाखू पिकवायचे. भाषणात वाघीण, पण माझ्या आईपुढे पार शेळी. एकही ओबट्टू तिला परतवता आला नाही.

त्या वर्षी युरोपातून विद्यार्थ्यांचा गट आला. शेवटच्या दिवशी दोन्ही गटांनी मिळून शेतीविषयी एक निवेदन तयार करायचं होतं, खाली दोन्ही प्रमुखांच्या सह्या. त्यांची प्रमुख मुलगी आमच्या प्रमुख मुलीच्या घरी हुणसूरला राहून आली. तिच्या आईच्या हातची रोट्टी खाल्ली, तंबाखूची पानं सुकवायची भट्टी पाहिली, फोटो काढले. आणि परत येऊन मसुद्यात वाक्य घातलं : तंबाखूची शेती ताबडतोब बंद करावी. आमच्या मुलीने ते वाचलं आणि मान डोलावली.

माझं डोकंच फिरलं. तिला व्हरांड्यात नेलं.

“तुला पटतं हे?”

“नाही मॅडम. दुसरं पीक लागायला टाइम नको? तोवर अप्पांनी काय करायचं?”

“मग मान कशाला हलवलीस?”

“घरी जेवून गेलीय की ती. कसं बेड, नको म्हणायचं? मी सुम्ने गप्प बसते मॅडम. कागदच तर आहे, अल्वा?”

कागदच तर नव्हता. तो दोन्ही देशांतल्या कॉलेजांत वाचला जाणार होता आणि खाली तंबाखूच्या शेतकऱ्याच्या मुलीची सही असणार होती. मी म्हटलं, “कर सही. पण घरी अप्पांना तो तूच वाचून दाखवायचा.”

ती तोंड धुऊन आत गेली. तिथे दोन्ही गट आणि प्राचार्य बसले होते.

“तंबाखूने माणसं मरतात. माझे मामा त्यानेच गेले,” ती इंग्रजीत म्हणाली. “तरी हे वाक्य मला मान्य नाही. दुसरं पीक उभं राहीपर्यंत घर कसं चालेल, ते आधी लिहा.”

पाहुणीचा चेहरा उतरला. “भट्टीजवळ मी हेच बोलले होते. तेव्हा तुम्ही सगळे हसून माना हलवत होता. मला वाटलं, तुम्हालाही हेच हवं आहे. तुमच्यासाठीच लिहिलं मी.”

प्राचार्य माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. त्यांची मला पर्वा नव्हती. मला भीती वाटत होती ती आमच्या मुलीची. आता ही माफी मागणार आणि सही करून मोकळी होणार.

“ती आमची चूक,” ती म्हणाली. “तेव्हा तू पाहुणी होतीस. आता तू माझ्या वडिलांच्या शेताबद्दल लिहिते आहेस. आता मी गप्प बसणार नाही.”

पाहुणीने मसुद्याचा कागद तिच्यापुढे सरकवला. “तू लिही.”

आमच्या मुलीने लिहिलं. त्यातलं निम्मं पाहुणीला पटलं नाही आणि तिनेही ते तोंडावर सांगितलं. दोघी अशा काही भांडल्या की प्राचार्य उठून गेले. मी दार लावून घेतलं आणि त्यांना भांडू दिलं.