पाखरांसाठी ठेवलेला दोरा

खताची गोणी उघडायची आमच्या घरची एक पद्धत आहे. शिवणीचं बरोबर टोक धरून ओढायचं, म्हणजे सगळा दोरा एका झटक्यात सर्रकन सुटतो. मी घाई करून गुंता केला, की आई टोमणा मारते, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" सुटलेला दोरा ती फेकू देत नाही. त्याचे वीतभर तुकडे कातरून घरापुढच्या कुंपणाच्या तारेला सरकगाठीने अडकवते. विहिरीवरच्या बाभळीत सुगरणी खोपे विणतात, त्यांना ओढून न्यायला सोपं जावं म्हणून. "पाखराला तेवढीच मदत," म्हणते.

पूर्वी हे ठीक होतं. दोरा सुती असायचा, पावसाळ्यात कुजून जायचा. मग तो नायलॉनचा आला. आम्हा मायलेकांना ते दिसलंही होतं. "बरं झालं, खोपा पक्का होईल," असं आम्ही म्हटलं. शहाणेच ना आम्ही!

गेल्या श्रावणात मोटार चालू करायला गेलो, तर बाभळीवर नुसता कालवा. पिवळ्या डोक्याचा एक नर खोप्याखाली उलटा लोंबकळत होता. पायात पांढरा दोरा. तो फडफडला की गाठ आणखी आवळायची. कमरेला कासरा बांधून मी फांदीवर सरकलो. खाली विहीर. विळ्याने दोरा कापला, तर पाय दोऱ्याबरोबरच निघून आला. पाखरू माझ्या मुठीत थोडा वेळ धडधडलं आणि मेलं.

मग बाकीचे खोपे पाहिले. एकात दोन पिल्लं होती, उडायच्या वयाची, वाळून कडक झालेली. दोघांच्या पायांत मिळून एकच दोरा, आणि त्याच्या टोकाला आईची सरकगाठ.

रस्त्याने जाताना गाडीतून प्लॅस्टिकच्या पिशव्या भिरकावणाऱ्यांना मी आजवर लाखोली वाहत आलो. त्यांनी निदान माया म्हणून तर कचरा टाकला नव्हता. मला आईचा राग आला आणि लगेच त्या रागाची लाज वाटली. गोण्या तर मीच उघडत होतो.

गुडघ्यांमुळे आई दोन वर्षांत विहिरीकडे फिरकलेली नाही. तिला मी काहीच सांगितलं नाही. रोज सकाळी तारेवरचे तुकडे काढतो आणि मोटारीच्या खोलीतल्या डब्यात कोंबतो. यंदा बाभळीवर एकही खोपा नाही.

परवा ती ओट्यावरून रिकाम्या तारेकडे बघत होती.

"समदा नेला व्हय रं?"

"व्हय."

"मंग औंदा खोपे लई झाले असतील. मला येकदा नेऊन दाव की."

"गुडघा बरा हुंदे," मी म्हणालो.

ती खुशीत हसली आणि नव्या गोणीचा दोरा कातरायला बसली.