खुन्याची आई

मी शाळेतून निवृत्त झाले त्याच सुमारास परतवाड्याला एका सिनेमाचं शूटिंग आलं. अमरावतीत नोकरी सांभाळून मी बरीच नाटकं केली होती, त्यामुळे कुणीतरी माझं नाव सुचवलं. भूमिका होती खुन्याच्या आईची. मुलगा बहिणीला छळणाऱ्या मेहुण्याला मारतो आणि मेळघाटच्या जंगलात पुरतो. आई पोलिसांना सांगते, पोरगा घरीच होता. तिच्या या खोट्यापायी एक निरपराध जीपवाला अडकतो. तेही तिला ठाऊक असतं.

दिग्दर्शक मुंबईचा, वयानं तरुण, बोलायला अदबशीर. त्याचा इन्स्पेक्टर स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायचा आणि आई वऱ्हाडी. पहिल्या तालमीनंतर तो मला म्हणाला, "ताई, अजून जरा गावरान करा. पदरानं नाक पुसा. सिनेमा फार काळोखा आहे, इथे लोकांना थोडं हसू यायला हवं."

"हसू कावून?"

"भाषाच तशी आहे ना. मजेशीर."

वडील गेल्याचं माझ्या आईनं आम्हा भावंडांना याच भाषेत सांगितलं होतं. तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

मी म्हणाले, "ही बाई जाणूनबुजून खोटं बोलून राहिली. दुसऱ्याचं पोरगं जेलात चाललं, हे तिले समजते. अशा वक्ती माणूस इनोद करते काय? मी नाही करत असं."

त्याचा सहायक पुटपुटला, नागपूरहून दुसरी बाई बोलावता येईल.

"बोलवा," म्हटलं आणि खुर्ची सावलीत ओढून चहा घेत बसले. नागपूरची बाई त्या दिवशी येऊ शकत नव्हती. थोड्या वेळानं दिग्दर्शक स्वतः आला. "तुमच्या पद्धतीनं करून दाखवा."

मी मेथी निवडत बसले. इन्स्पेक्टरनं विचारल्यावर मान वर केली आणि शांतपणे म्हणाले, "पोरगा घरीच होता. मीच वाढलं त्याले." पुन्हा मेथीला लागले. दिग्दर्शकानं दुसरा टेक मागितला नाही.

सिनेमा मी अकोल्याला पाहिला, दादा-वहिनींसोबत. माझं पहिलं वाक्य ऐकून मागच्या रांगेत सवयीनं हसू फुटलं. "मीच वाढलं त्याले" आलं तेव्हा कुणी हसलं नाही. जीपवाल्याला बेड्या पडल्या तशी मागून एक बाई बोलली, "हलकट कुठची." टाळ्यांपेक्षा मला ती शिवी आवडली.

दादा वकील. गाडीत बसल्या बसल्या त्यानं सुरू केलं. "वकिलाची बहीण होऊन खोटी साक्ष देणारी बाई केली तू. शेवटी रडली तरी असती. लोकायच्या मनाले बरं वाटलं असतं."

"तिले पस्तावा नव्हता, दादा."

"मंग वाईट होती म्हण ना."

"वाईट होतीच. आईबी होती. मी तिची वकिली नाही करून राहिली, अन् तिले फाशीबी नाही देत. लोकायनं ठरवावं."

दादा काही बोलणार, तेवढ्यात मागच्या सीटवरून वहिनी म्हणाली, "आपल्या पोरासाठी मीबी तेच सांगतलं असतं."

दादानं आरशातून तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर खाली केली नाही.